डोळ्यांची उंची

खण्णकन वाटी पडली. ओट्याच्या कडेवरून फरशीवर, फरशीवरून गरगरत कपाटाच्या पायापर्यंत गेली, तिथे थोडा वेळ स्वतःशीच वाजत राहिली आणि एकदाची गप्प झाली.

भर दुपार होती. खारुताई, म्हणजे घरातली लाडाची लेक, नुकतीच झोपली होती आणि तिच्या आईने श्वाससुद्धा जपून घेत लॅपटॉप उघडला होता. घरात लेकरू झोपलं की आईच्या हाती जो वेळ लागतो तो चोरीच्या मालासारखा असतो. मोजत बसायचा नसतो, घेऊन पळायचं असतं. म्हणून ती जागची उठली नाही. कान तेवढे स्वयंपाकघराकडे लावून बसली.

"काही नाही, काही नाही," आतून आप्पा म्हणाले. "वाटी निसटली. ओट्यालाच उतार आहे, साहेब. कुणी काढला होता हा प्लॅन?"

आप्पा म्हणजे तिचे वडील. जन्मभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. साहेबांनी पेन्सिलीने गिरगटलेलं घर शाईच्या सरळ रेघांत उतरवायचं हे त्यांचं काम. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक आर्किटेक्टला साहेब म्हणण्यात हयात गेली, म्हणून मुलगी आर्किटेक्ट झाली त्या दिवसापासून तीही साहेब झाली. आधी कौतुकाने, मग सवयीने, आणि अलीकडे, काही लपवायचं असलं की ढालीसारखी.

"भाड्याचं घर आहे आप्पा, मी नाही काढला," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"तरीच!"

दोघंही हसली आणि विषय गेला. त्या घरात हल्ली पुष्कळ विषय असेच हसण्यावारी जात. दाराच्या चौकटीने आप्पांचा खांदा सोलला, तो हसण्यावारी गेला. चहाचा कप बशीशेजारी ठेवला गेला, तोही गेला. काचबिंदू मात्र तसा जाणारा नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून जपायची, म्हणाल्या. तिने विचारलं होतं, "आमचं घर बांधून होईपर्यंत तरी टिकेल का?" बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाल्या, "घर लवकर बांधा."

घर काय, लवकर बांधा म्हटल्याने लवकर होतं? शहराच्या कडेला एक चिमुकला प्लॉट होता. त्यावरचं घर तिने स्वतः आखलं होतं: खाली आप्पांची खोली, सकाळचं ऊन येईल अशी खिडकी, मागे दोन पायऱ्या उतरून अंगण. अजून पायाचा खड्डाही खणला नव्हता. ते उभं राहील तेव्हा आप्पा त्यात राहायला येणार हे नक्की होतं. बघायला येणार का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की डोळे घरापर्यंत थांबत नसतील तर घर आधी डोळ्यांपुढे आणायचं. सगळं घर कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि आप्पांना त्यातून हिंडवून आणायचं. एकदा नाही, रोज. पावलांना वाट पाठ होईपर्यंत. मग बाहेरचा उजेड गेला तरी घर आत राहील.

पण तिचा लॅपटॉप म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मॉडेलमध्ये एक पाऊल पुढे टाकलं की तो पंख्याचा घोंघाट करत विचारात पडे, आणि विचार संपेपर्यंत माणूस आपण कुठे निघालो होतो तेच विसरे. म्हणून नवा कॉम्प्युटर घरीच जोडायचा ठरला. नवरा औषधांच्या दुकानात बसायचा, पण कॉलेजात असताना मित्रांचे कॉम्प्युटर जोडून देण्याचा त्याला नाद होता. एकेक भाग येत गेला. खोकी पलंगाखाली जमली. राहिलं होतं फक्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उभं करणारा भाग. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच.

"सगळं वऱ्हाड आलंय, नवरदेवाचाच पत्ता नाही," नवरा रोज म्हणायचा. "अगं, घे ना एकदाचं कुठलंतरी."

"कुठलंतरी कसं घेऊ?"

"मग चांगलं घे."

"चांगलं कुठलं, तेच तर कळत नाहीये."

"हे बरंय," तो म्हणाला, "आमच्याकडे लोक येतात, डोकं दुखतंय म्हणतात, मी गोळी देतो. तू माझं दुकान चालवलंस तर गिऱ्हाईक दारातच म्हातारं होईल."

*

सुट्या भागांची दुकानं एका बोळात होती. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत खोकी, मधोमध एक माणूस आडवा जाईल एवढी जागा, आणि काउंटरमागे चष्मा केसांत खोवलेली दुकानदारीण. तिने दोन कार्डं काढून शेजारी शेजारी ठेवली, जशी एखादी बाई दोन साड्या अंथरते.

"काम काय, ताई?"

"घरं. मी आर्किटेक्ट आहे."

"मग हे बघा. याची मेमरी दांडगी. लाकडाची रेष न् रेष, झाडाचं पान न् पान भरा, कुरकुरणार नाही. पण अंगाने जड. आत चालायला लागलात की जरा अडखळतं. आणि हे दुसरं हरणासारखं पळतं. मान वळवा, चित्र वळलंच. पण झोळी लहान. फार सामान भरलंत तर तुम्हालाच काहीतरी काढून ठेवावं लागेल."

"आणि किंमत?"

"डावं-उजवं काही नाही. सारखीच."

म्हणजे ते निमित्तही हाताशी राहिलं नाही. तिचा हात मात्र कधीच पहिल्या कार्डाकडे गेला होता. आप्पांच्या खोलीतल्या दाराला तिने सागाची शीर लावली होती. मागच्या अंगणातल्या झाडाची पानं ऊन अडवून फरशीवर सावल्यांची जाळी टाकत होती. हे सगळं एकदा डोळे भरून बघायला नको त्यांनी? डोळे आहेत तोवर?

"बघणार कोण? तुमचं गिऱ्हाईक?" दुकानदारिणीने विचारलं.

"वडील. त्यांची नजर कमी झालीये."

"कमी म्हणजे कशी? धुरकट दिसतं, अंधारं दिसतं, की बाजूचं दिसत नाही?"

तिने पहिल्या कार्डावरचा हात मागे घेतला.

तिला थेंबांच्या वेळा पाठ होत्या. डोळ्यांतला दाब मागच्या खेपेला किती होता, ते झोपेतही सांगितलं असतं. तपासणीच्या कागदावरचे काळे ठिपके तिने कितीदा निरखले होते. पण आप्पांना खिडकीशी उभं राहिल्यावर काय दिसतं, ते तिला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. म्हणून ओट्याला उतार होता.

"विचारून या," दुकानदारीण कार्डं उचलत म्हणाली. "पळून जात नाहीत ही."

*

ती घराच्या वळणाशी आली तेव्हा संध्याकाळची उन्हं उतरली होती. समोरून आप्पा आणि खारुताई येत होते. बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत एक झोका होता. रोज संध्याकाळी आजोबा नातीला तिकडे घेऊन जात. तेवढाच तिला स्वयंपाकाला हात मोकळा मिळे, म्हणून तिने आजवर कधी खिडकीतून वाकून पाहिलं नव्हतं. आज समोरासमोर पाहिलं.

खारुताई अर्धं पाऊल पुढे होती. तोंडाने अखंड बडबड, आणि मध्येच, श्वास घ्यावा इतक्या सहज, "आजोबा, पायरी." मग पुन्हा बडबड. मग, "आजोबा, सायकल आहे." आप्पा वळसा घेत होते.

बोट कुणी कुणाचं धरलं होतं, ते तिला तिथे उभ्या उभ्या दिसलं. ती थोडा वेळ एका खांबाआड थांबली. डोळे पुसून मगच पुढे झाली.

वर आल्यावर खारुताई तिच्या रंगांच्या डब्याकडे पळाली. आप्पा खुर्चीत टेकले.

"आप्पा, एक विचारू? तुम्हाला काय दिसतं?"

"दिसतंय की. तू दिसतेस. तोंड पाडून उभी आहेस."

"ते तुम्हाला न बघताही कळतं." तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसली. "मला कार्ड निवडायचंय. दोन आहेत. बघणाऱ्याला कसं दिसतं ते कळल्याशिवाय निवडता येत नाही. तुम्हीच म्हणायचात ना, क्लायंट काय बोलतो ते लिहून घेऊ नका, तो घरात कसा वावरतो ते बघा?"

"म्हणजे मी क्लायंट झालो."

"हो."

"क्लायंटला खोटं बोलायचा हक्क असतो, साहेब."

"ड्राफ्ट्समनला नसतो."

आतल्या खोलीत खारुताई कुठल्यातरी रंगाला रागावत होती. मग आप्पा उठले, भिंतीला हात लावत कपाटापाशी गेले आणि कपाटामागून ट्रेसिंग पेपरच्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या काढल्या. कागद केव्हाच संपलेले. नळ्या तेवढ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. काहीही टाकून द्यायचं नाही हा त्यांचा जुना खाक्या.

"धर डोळ्यांना. दोन्ही. हां. आता स्वयंपाकघरात जा आणि मला पाणी आणून दे."

ती हसणार होती, पण नळ्या डोळ्यांना लावल्या आणि हसू तिथेच विरलं. घर गेलं. राहिला खिडकीच्या गजाचा एक तुकडा, लख्ख, स्वच्छ, गंजाच्या ठिपक्यासकट. आणि त्याच्या भोवती काही नाही. अंधारसुद्धा नाही, नुसतं काही नाही. तिने मान वळवली. भिंत. भिंत. भिंत. दाराची कडी. कडी होती म्हणजे दार असणार. ती तिकडे निघाली आणि मघाशी स्वतःच ओढलेल्या स्टुलावर गुडघा आपटला.

"हळू," आप्पा म्हणाले. "घाईने मान वळवलीस की मागचं सुटतं. सावकाश फिरव. एका दमात. मध्ये तुटू द्यायचं नाही. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून."

तिने सावकाश फिरवली. नळ. नळाखाली भांडी. भांड्यांच्या डावीकडे... नाही, सुटलं. पुन्हा नळ. अख्खं स्वयंपाकघर, ज्यात ती झोपेतही वावरली असती, ते तिला वितीवितीने गोळा करावं लागत होतं, आणि पुढची वीत मिळेपर्यंत मागची हातातून जात होती. पेला सापडला. एक नळी हनुवटीखाली धरून तिने तो भरला आणि नळी परत डोळ्याला लावायची म्हणून ओट्यावर ठेवला.

पेला खण्णकन खाली पडला. पाणी तिच्या पावलांवरून फरशीभर पसरलं.

बाहेरून आप्पांचा आवाज आला. "सांगितलं होतं ना. उतार आहे."

ती ओल्या फरशीवर तशीच उभी राहिली. नळ्या डोळ्यांवरून काढायचा धीर होईना, कारण त्यांच्या आड तिचे भरून आलेले डोळे कुणाला दिसत नव्हते.

परत आली तेव्हा आप्पा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"कधीपासून, आप्पा?"

"थोडं थोडं करत. एका दिवसात कुठे होतं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर पोरीला माझ्याबरोबर खाली पाठवली असतीस?"

उत्तर 'नाही' होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"तिला सगळं माहितीये," आप्पा म्हणाले. "कुणाला सांगू नको असं मी म्हटलेलं नाही हो. शपथ. पायरी आली की ती आपणहून सांगते. मी ऐकतो." मग त्यांनी विचारलं, "उद्या झोक्यावर?"

खिडकीतून ती जागा इथून दिसत होती. मधे रस्ता नव्हता, विहीर नव्हती. पायऱ्या होत्या, सायकली होत्या, आणि पायरी सांगणारी एक मुलगी होती. तरी आईचं काळीज. ते लगेच हो म्हणेना.

"जा," ती शेवटी म्हणाली. "मी खिडकीत उभी राहीन."

"पोळ्या करपतील."

"करपू देत."

*

तिने दुसरं कार्ड आणलं. हरणासारखं पळणारं, लहान झोळीचं.

मग त्या झोळीत मावेल एवढं घर करायचं काम उरलं. दुपारच्या चोरट्या वेळात तिने अंगणातलं झाड उपटलं आणि त्याच्या जागी एक साधा हिरवा गोळा ठेवला. सागाच्या शिरा पुसल्या. सावल्यांची जाळी काढली. आपण लावलेली बाग आपणच उपटावी तसा हात जड झाला. पण आप्पांना पानं मोजायची नव्हती. त्यांना मान फिरवायची होती, एका दमात, मध्ये न तुटता.

सुट्टीच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर पसरून कॉम्प्युटर जोडायला घेतला. स्क्रू सांभाळायचं काम खारुताईकडे. तिने ते वाटीत ठेवले होते आणि वाटीवर दोन्ही हात.

"एक द्या, मॅडम," तिचा बाबा म्हणाला.

"कशाला?"

"लावायला."

"परत देशील?"

कार्ड खोक्यातून निघालं तेव्हा आप्पांनी हात पुढे केला. त्यांनी ते दोन्ही तळव्यांवर तोललं, पंख्यांच्या कडांवरून बोट फिरवलं.

"केवढं जड! सगळं घर याच्या आत?"

"घर नाही आप्पा. घर काढून दाखवणारा."

"म्हणजे ड्राफ्ट्समन."

"तसंच काहीसं."

"फार तारीफ करू नका मग त्याची," आप्पा ते परत देत म्हणाले. "डोक्यावर बसेल."

नवऱ्याने खाच जुळवून कार्ड अलगद दाबलं. टक्क आवाज झाला.

आप्पांनी मॉनिटर टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवायला लावला. "लांबून सगळं मावतं," म्हणाले. माऊस त्यांच्या हाती, पावलं टाकायच्या कळा तिच्या बोटांखाली. बघणं त्यांचं, चालणं तिचं. दार उघडलं. चित्र अजिबात अडखळलं नाही. आप्पांनी मान वळवावी तसा माऊस वळवला आणि घर पाण्यासारखं त्यांच्याबरोबर वळलं. तिने सुटकेचा श्वास सोडला.

तो अर्धाच सुटला. पॅसेजच्या मध्यावर आप्पा थांबले. मागे वळले. पुढे वळले. मग माऊसवरून त्यांनी हात उचलला.

"हरवलो."

"कुठे हरवताय आप्पा, डावीकडे तुमचीच खोली."

"खोली असेल. पण हा कोण चालतोय?"

"म्हणजे?"

"इतक्या वरून बघतोय कोण? ताठ मानेने, समोर? मी असा चालतो?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि मग आप्पांकडे. खांद्यातून वाकलेले, हनुवटी छातीकडे. गेली किती वर्षं ते पायांपुढच्या जमिनीकडे बघत चालत होते, आणि तिने मॉडेलमध्ये डोळ्यांची उंची ठेवली होती सगळे आर्किटेक्ट ठेवतात तीच. उभ्या, धडधाकट, कुठेही न अडखळणाऱ्या माणसाची. त्या आकड्यावर हात आपोआप जातो. तो कुणाचा, असं कुणी विचारत नाही. नळ्या डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात फिरली, तेव्हाही फिरली ती स्वतःच्याच उंचीवरून.

"मीही तोच काढत आलो गं," आप्पा म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. "घर उभं कापून काढलेल्या प्रत्येक सेक्शनमध्ये दाराशी एक माणूस उभा करायचा. छान सरळ. त्या माणसासाठी किती घरं काढली मी. राहायला मात्र तो कुठेच आला नाही."

तिने मॉडेलमधले डोळे खाली आणले. हनुवटी वाकवली. आता पडद्यावर जवळजवळ नुसती जमीन होती, आणि जमिनीत काहीच नव्हतं. दिवाणखाना, पॅसेज, आप्पांची खोली, मागच्या पायऱ्यांपर्यंत तिने एकच फिकट फरशी अंथरली होती, कुठे जोड दिसू दिला नव्हता. या सलगपणाचा तिला केवढा अभिमान होता! छतावर, झाडावर, उजेडावर तिने दुपारच्या दुपारी घातल्या होत्या, आणि आप्पांच्या वाट्याला जे यायचं होतं तिथे पांढरा कागद होता.

"पायरी कुठे आहे?" आप्पांनी विचारलं.

पायरी होती. पण दिसत नव्हती. ती आली हे सांगायला तिथे खारुताई असणार नव्हती. ती शाळेत असेल, पुढे आणखी कुठे असेल.

त्या आठवड्यात घराची फरशी बदलली. प्रत्येक दारात काळ्या दगडाची एक पट्टी आली, पायऱ्यांच्या कडांना तशीच, आणि आप्पांच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत भिंतीकडेने खरखरीत दगडाची एक वाट आली. आज डोळ्यांना दिसणारी, उद्या तळपायांना. मिस्त्रीला हे नवे नकाशे दाखवले तेव्हा तो म्हणाला, "ताई, सलगच छान दिसत होतं." ती म्हणाली, "दिसत होतं, खरंय."

*

आता रोज सकाळी, नवरा दुकानात गेला की, आप्पा टेबलाशी येऊन बसत. कळाही आता त्यांच्याच हाताखाली होत्या. तोंडातल्या तोंडात चालू असे: काळी पट्टी, दार. खरखरीत. खरखरीत. उजवीकडे खिडकी, ऊन. काळी पट्टी. कधी ते डोळे मिटून घेत आणि तसेच चालून दाखवत, कधी भिंतीवर जाऊन आदळत आणि स्वतःलाच ओरडत, "आंधळा आहेस काय?" मग दचकून तिच्याकडे वळत. ती भाजी निवडत असे. ऐकलं नाही असं दाखवत असे.

एके दिवशी ते मागच्या दारापर्यंत आले आणि थांबले. पायरीवर एक लहान मुलगी उभी होती. घर किती मोठं ते कळावं म्हणून आर्किटेक्ट मॉडेलमध्ये माणसं उभी करतात. तिने खारुताईचा एक फोटो कातरून तिथे ठेवला होता. झाडाची पानं काढली, सागाच्या शिरा पुसल्या, पण हे तिच्याने काढवलं नव्हतं. आप्पा सावकाश त्या चित्राजवळ गेले. आणखी जवळ. आज त्यांनी मॉनिटरही पुढे ओढला होता. ते केस बघत होते, मग कपाळ, मग नाक; वितीवितीने, घाई न करता, मध्ये कुठे तुटू न देता.

खारुताई खुर्चीच्या पाठीवर लोंबकळत होती.

"ही मी आहे!"

"तूच," तिची आई म्हणाली.

"पण आपलं घर अजून झालंच नाही ना?"

"नाही."

"तरी आजोबांना दिसतंय?"

"हो. ते आधीच बघून ठेवतायत."

"म्हणजे नंतर नाही दिसलं तरी त्यांना माहीत असणार."

भाजी निवडणारी बोटं थांबली. आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. कॉम्प्युटरचा पंखा हलकेच घुमत होता.

खारुताईने पडद्यावरच्या मुलीकडे नीट पाहिलं. "पण घर होईल तेव्हा मी एवढीशी नसेन. ही चुकीची आहे," ती म्हणाली. मग खुर्चीवरून उतरली, आईजवळ आली आणि तिच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, पायरी आल्याचं सांगावं इतक्या सहज, तिने विचारलं,

"आई, मग मी मोठी झाल्यावर कशी दिसते, तेही दाखव ना आजोबांना. आत्ताच. यात दाखवता येतं ना?"